घरी येणारी सिस्टर सलाईन लावत नाही, मग करते काय?

कळव्याची सून :
सासरे ७१ वर्षांचे. फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत गेलाय. केमो थांबवली, आता पॅलिएटिव्हची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी, टीम घरी येते. टीम म्हणजे दर मंगळवारी एक सिस्टर, कधीमधी डॉक्टर. ती पाऊण तास बसते. झोप लागली का, मोशन कधी झालं, तोंड उघडा, टाचा दाखवा. बाबा जेमतेम दोन घास खातात, तरी सलाईन नको म्हणते. डोंबिवलीच्या वन्सं मला फोनवर ऐकवतात, "पैसे वाचवताय का?" त्यात मॉर्फिन सुरू केलंय, त्याची भीती वेगळीच.

आजाराचं नाव आम्ही बाबांना सांगितलेलं नाही. परवा त्यांनीच सिस्टरला विचारलं, "मी बरा होणार ना?" मी गारच पडले. तिने स्टूल ओढलं, म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" आणि मला चहा टाकायला पाठवलं. नंतर अर्धा तास दोघं बोलत होती. नर्सने असं बोलावं का?

ऐरोलीची सिस्टर :
ताई, २२ वर्षं नर्सिंगमध्ये आहे, शेवटची ९ घरोघर जाण्यात. चहाला तुम्हाला मुद्दामच पाठवलं. मीही तेच केलं असतं. घरचं माणूस समोर असलं की पेशंट त्याला सांभाळत बसतो. ती खोटं बोलली नाही आणि नाव सांगून मोकळीही झाली नाही. त्यांना किती ठाऊक आहे, किती ऐकायचंय, एवढंच चाचपलं. परळला टाटात चकरा मारलेल्या माणसाला आजाराचं नाव कुणी सांगावं लागतं का?

आता सलाईन. उलट्या-जुलाबाने पाणी कमी पडलं तर आम्हीच डॉक्टरांना विचारून लावतो. पण शरीर मिटत आलं की भूक आपोआप जाते. तेव्हा बाटलीतलं पाणी पायांवर सूज आणतं, छातीत साचतं, श्वास घरघरतो. पेशंटला खरा त्रास होतो तो तोंड कोरडं पडल्याचा, आणि सलाईनने तोंड ओलं होत नाही. चमचाभर पाणी, ओल्या गॉजने जीभ-हिरड्या पुसणं, ओठांना व्हॅसलीन. दर दोन तासांनी करा. "तोंड उघडा" म्हणते ती पांढरा थर बघायला. ती बरेचदा बुरशी असते, गिळताना आग होते. जेवत नाही म्हणून घर रडतं आणि कारण कधीकधी जिभेवर बसलेलं असतं.

मॉर्फिनने माणूस लवकर जात नाही. दुखण्यासाठी बेताने दिलं तर व्यसनाचीही धास्ती नको. मात्र घड्याळ पाळा, दुखायची वाट बघू नका. १९६७ साली लंडनला आधुनिक हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या पेशंटांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स याचसाठी झगडल्या. त्या मुळात नर्स, पाठ दुखावली म्हणून ते काम सुटलं, पुढे डॉक्टर झाल्या. (पाठ आमच्यात सगळ्यांचीच जाते, डॉक्टर कुणी होत नाही.) गोळ्या कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाहीत. २०१४ साली अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलला, मान्यता मिळालेल्या हॉस्पिटलांना थोडं सोपं झालं, इतकंच. तेव्हा मोजून ठेवा, वहीत लिहा, शनिवारी संपतील अशी वेळ आणू नका.

आणि मोशन! मॉर्फिनने सुरुवातीला मळमळतं, गुंगी येते, ते बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं. बद्धकोष्ठता ओसरत नाही, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवसापासून. दिघ्यात एक आजोबा रात्रभर कपडे ओढत होते, बायकोला शिव्या देत होते. आजार मेंदूत गेला म्हणून घरच्यांनी गावी फोन केले. मी पोटावर हात ठेवला तर लाकूड! सहा दिवस मोशन नव्हतं, लघवीही तुंबलेली. डॉक्टरांना फोन लावला, एनिमा दिला, नळी घातली. दुसऱ्या दिवशी आजोबा रेडिओ मागत होते.

नौपाड्याचा जुना भाडेकरू :
आई घरीच गेली, दोन वर्षं झाली. आमच्या सिस्टरने चादरीने कूस कशी बदलायची ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. शेवटी श्वास मध्येच थांबेल, पुन्हा सुरू होईल, घशात घरघरेल, तेव्हा कुशीवर वळवा, घाबरून तोंडात पाणी ओतू नका, हे कॅलेंडरच्या मागे लिहून दिलं होतं. तसंच झालं. मी हात धरून बसू शकलो.

एक मात्र आमचं राहिलं. मृत्यूचा दाखला कोण देणार, हे आधी विचारलं नव्हतं. पहाटे तीनला डॉक्टर शोधत फिरलो. तुम्ही आजच विचारून ठेवा.

तेराव्यानंतर सिस्टर पुन्हा आली. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत नेल्या आणि वडिलांशी तासभर बसली.

घोडबंदरकर :
आमच्याकडे ब्यूरोची बाई आहे, १२ तासांची. तिलाच हे सगळं सांगितलं तर?

ऐरोलीची सिस्टर :
अंघोळ, कूस, तोंड पुसणं सांगा. तिचा हात बरेचदा आमच्यापेक्षा हलका असतो. औषधाचा डोस कमीजास्त करणं, नळी, सुई तिच्यावर सोडू नका.

कळव्याची सून :
आज बाबांनीच सांगितलं. दिवाळीपासून माहीत होतं म्हणे, तुम्हीच तोंडं लपवत होतात. सिस्टरशी त्या दिवशी बोलणं झालं ते वेगळंच. सासूबाईंना एटीएम वापरता येत नाही, आपल्यानंतर प्रत्येक वेळी कुणापुढे हात पसरायला नको, याचा घोर होता त्यांना. उद्या दोघी कळवा नाक्याच्या एटीएमवर जातोय. पिन बाबांनी कागदावर लिहून दिला, मग घाबरून कागद परत घेतला आणि पाठ करून घेतला.

वन्संना सलाईनचं अजून पटलेलं नाही. रविवारी येतायत.