चर्च तेराव्या शतकातील, कुंड १६६२ सालचे : मूळचे दगडी कुंड कोठे गेले असेल?

प्रश्न – नदीकाठ
इंग्लंडमधील आमच्या गावचे पॅरिश चर्च तेराव्या शतकात बांधलेले आहे, परंतु तेथील बाप्तिस्म्याच्या कुंडावर १६६२ हे साल कोरलेले आहे. त्याआधीची चारशे वर्षे गावातील मुलांचा बाप्तिस्मा कोणत्या तरी कुंडात होत असणारच. ते कुंड फोडले गेले, विकले गेले, की अजून आसपास कोठे पडून आहे, याचा छडा लावण्याची माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर – दप्तरखाना
आपल्या कुंडावरील सालातच बरेचसे उत्तर आहे. दाराजवळच्या जुन्या कुंडापेक्षा सर्व मंडळींसमोर, व्यासपीठापाशी साध्या भांड्यातील पाण्याने बाप्तिस्मा व्हावा, असा प्युरिटन लोकांचा, म्हणजे चर्चमधून जुने कॅथलिक विधी काढून टाकू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांचा, आग्रह होता. उलट इंग्लंडच्या चर्चच्या १६०४ च्या धर्मनियमांनी प्रत्येक चर्चमध्ये दगडी कुंड जुन्या जागीच असले पाहिजे असे बजावले होते. पुढे यादवी युद्धाच्या काळात, १६४५ साली, संसदेने जुने प्रार्थनापुस्तक बाद करून नवी उपासनापद्धती लागू केली आणि पोपच्या अमलात जेथे कुंडे होती त्या जागी बाप्तिस्मा देऊ नये असे ठरवले. साहजिकच पुष्कळ कुंडे अडगळीची झाली. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर जुनी पद्धत परतली आणि ज्यांच्याकडे कुंड उरले नव्हते त्यांनी नवे घडवून घेतले. म्हणूनच त्या दशकातील साल कोरलेली कुंडे ठिकठिकाणी आढळतात.

म्हणून प्रथम जिल्ह्याच्या अभिलेखागारात जाऊन चर्चवॉर्डनांच्या (चर्चचा कारभार पाहणाऱ्या गावकऱ्यांच्या) जमाखर्चाच्या वह्या पाहाव्यात, विशेषतः १६४० ते १६६५ या वर्षांच्या. लेस्टरच्या सेंट मार्टिन चर्चचे (आजचे लेस्टर कॅथेड्रल) उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तेथे १६४५ मध्ये बाप्तिस्म्यासाठी भांडे आणि ते ठेवण्यासाठी घडवंची घेतल्याचा खर्च नोंदलेला आहे, तर १६६१ मध्ये जुने दगडी कुंड पूर्वीच्या जागी पुन्हा बसवण्याचे ठरले, आणि ते स्मिथ नावाच्या विधवेकडून सात शिलिंगांना, म्हणजे तिच्या नवऱ्याने दिलेल्या किमतीलाच, परत घेतल्याची नोंद झाली. खर्चाची ती एक ओळ नसती, तर ते कुंड मधल्या काळात एका घरी होते हे आज कोणालाही कळले नसते.

उत्तर – दगडफूल
वह्यांबरोबर शेतांकडे आणि बागांकडेही लक्ष द्यावे. ग्लॉस्टरशरमधील डीअरहर्स्टचे अँग्लो-सॅक्सन कुंड, ज्याच्या अंगावर वळणावळणाची सुरेख सर्पिल नक्षी आहे, ते एका शेतावर पाण्याची डोणी म्हणून वापरात होते. तेथून ते लाँगडनच्या चर्चमध्ये गेले. पुढे तशीच नक्षी असलेला, कुंडाचे पात्र ज्यावर बसते तो खांब एका बागेत सापडला, तेव्हा दोन्ही भाग एकोणिसाव्या शतकात डीअरहर्स्टला एकत्र आले. पात्र आणि खांब अशा दोन वाटांनी गेले असतील हे सहसा सुचत नाही, म्हणून बुडाचा नुसता दगड दिसला तरी तो नीट पाहावा.

ओळख पटवण्यासाठी काठ तपासावा. पवित्र पाणी चोरून कोणी जादूटोण्यासाठी वापरू नये म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांना कुलूपबंद झाकणे लावण्याचा आदेश दिला होता. झाकणाच्या कड्या उखडल्याच्या खुणा, किंवा तेथे दगडाचा तुकडा बसवून केलेली दुरुस्ती, पुष्कळ कुंडांच्या काठावर दिसते. तळाशी पाणी जाण्याचे भोक आहे का, आतून शिशाचा पत्रा लावल्याच्या खुणा आहेत का, हेही पाहावे.

उत्तर – वाटाड्या
एक सावधगिरी सुचवतो. प्रत्येक पोकळ दगड कुंड नसतो. उखळे, विहिरीची तोंडे आणि गुरांच्या डोण्याही तशाच दिसतात. तसा दगड सापडलाच, तर तो घासू किंवा हलवू नये. जागेच्या मालकाच्या परवानगीने मोजमापे आणि छायाचित्रे घ्यावीत आणि ती धर्मप्रांताच्या सल्लागार समितीकडे पाठवावीत, कारण दगड मूळ जागी असतानाच त्याच्याविषयी सर्वाधिक कळते.