गारफिल्डसारखा व्हेज लझानिया, घरात ओव्हन नाही, जमेल का?

जुळे सोलापूरची आई
नमस्कार मंडळी, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. सुट्टीभर गारफिल्ड या लझानियावेड्या बोक्याचं कार्टून बघून आता त्याच्या डोक्यात एकच, आई लझानिया कर, म्हणजे तो इटलीचा पास्त्याच्या थरांचा पदार्थ. त्यात त्याचा वाढदिवस १९ जूनला, आणि गारफिल्डची पहिली कॉमिक पट्टी पण १९ जून १९७८ लाच पेपरात आली होती हे त्याला कुठूनतरी कळालं, तेव्हापासून तो बोका म्हणजे आपला भाऊच असं झालंय. रोज विचारलालाय, कधी करणार म्हणून.

अडचण अशी की ओव्हन नाही, सासूबाई माळकरी त्यामुळं अंडं घरात येत नाही, आणि लझानियाच्या शीट, म्हणजे थराला लागणाऱ्या पास्त्याच्या पातळ पट्ट्या, दोन-तीन दुकानांत विचारल्या, मिळाल्या नाहीत. मागच्या रविवारी पोळ्यांचे थर लावून बघितलं, खाली पाणी सुटलं आणि वर नुसता लगदा. पोरानं गुपचूप खाल्लं, एक शब्द बोलला नाही, पण त्याचा चेहरा बघून मला लई वाईट वाटलं. कापल्यावर थर दिसले पाहिजेत एवढंच मागणं आहे, आठ पोरं येणारेत.

रव्याचा डबा
ताई, पोळीनं नाही होणार. पोळी आधीच भाजलेली असते, ती सॉस पिऊन फुगते नि फाटते. शीट घरीच लाटा, अंड्याची गरज नाही. इटलीत बोलोन्याकडं अंडं घालतात पण दक्षिणेकडचा पास्ता नुसता रवा आणि पाण्याचाच असतो, आणि तो ज्या गव्हाचा करतात तसलाच कडक गहू म्हणजे आपला बन्सी. दीड वाटी बारीक बन्सी रवा, अर्धी वाटी मैदा, मीठ, कोमट पाणी बेतानं, पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा म्हणजे रवा पाणी पिऊन मऊ होतो. मग पातळ लाटून डब्याच्या मापानं कापा, मिठाच्या उकळत्या पाण्यात २ मिनिटं, लगेच गार पाण्यात, आणि सुती कापडावर पसरा, एकावर एक ठेवायच्या नाहीत, चिकटतात.

मंडईवाली काकू
तुमचा लगदा निम्मा भाजीच्या पाण्यानं झाला असणार. मी तर म्हणते लझानिया म्हणजे पाणी काढायचंच काम आहे. वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवायचं, पिळायचं, मग तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून भाजायच्या. लक्ष्मी मंडईतून भरताची मोठी वांगी आणा, आपली भरायची छोटी नकोत, त्यांच्या चकत्या थराला पुरत नाहीत. पालक परतून गार झाला की मुठीत घट्ट पिळा, केवढं पाणी निघतं बघा. टोमॅटोचा सॉस कांदा लसूण घालून इतका आटवायचा की पळी फिरवल्यावर कढईचं बूड दिसलं पाहिजे.

पांढऱ्या सॉसला ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा, अर्धा लिटर दूध. मैदा बटरमध्ये मिनिटभर परतायचा पण लाल होऊ द्यायचा नाही, दूध थोडं थोडं घालायचं, शेवटी जायफळ. जायफळ सोडू नका, त्याशिवाय ती चव येतच नाही.

सात रस्त्याचा खवय्या
ओव्हनचं मी सांगतो, मी तीन वर्षं कढईतच करतो. जाड बुडाच्या कढईत तळाला मीठ पसरा, त्यावर स्टँड, झाकण ठेवून १० मिनिटं तापवा. नॉनस्टिक कढई चुकून पण घेऊ नका, मोकळी तापली की खराब होते. मग केकच्या डब्यात थर लावून आत ठेवा, मंद आचेवर ४० मिनिटं. वरून चीज लाल होत नाही ही एकच अडचण, तर भाकरीचा लोखंडी तवा चांगला तापवून ३-४ मिनिटं डब्यावर धरायचा, चीजला टेकवायचा नाही. आणि काढल्या काढल्या कापू नका बे कुणी, १५ मिनिटं थांबायचं, सगळी घडी तेवढ्यात बसते.

जुळे सोलापूरची आई
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. अजून दोन शंका. सासूबाई विचारतात चीज चालतं का आपल्याला? आणि दारात एक बोका येतो, पोराला त्याला पण तुकडा द्यायचाय.

मंडईवाली काकू
सासूबाईंची शंका बरोबर आहे. इटलीतलं अस्सल पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटनं, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या रसानं, करतात, ते आणू नका. हिरवा ठिपका बघून मोझरेला घ्या. आणि बोक्याला अजिबात नको, कांदा लसूण मांजराला विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कार्टूनमधला कितीही ताटं खाऊ दे. पोराला सांगा, बोक्यासाठी त्याच्या खाण्याचं पाकीट आणू.

जुळे सोलापूरची आई
काल रात्री एक डबा करून बघितला. दोन शीट लाटताना फाटल्या त्या मधल्या थरात दडवल्या. पंधरा मिनिटं पोरगं घड्याळ घेऊन समोर बसलं होतं. कापलं तर पाच थर, पालकाचा हिरवा वेगळा, टोमॅटोचा लाल वेगळा! सासूबाईंनी शेंगाचटणी लावून खाल्ला आणि अजून एक तुकडा मागितला. १९ तारखेला दोन डबे लावणार, शेजारची कढई मागून ठेवलीय.