‘लायक उमेदवारच मिळत नाहीत’ म्हणणाऱ्यांनो, आधी जाहिरातीत पगार छापा

मुद्देसूद
लिंक्डइनवर एका एचआरबाईंची पोस्ट दोन दिवस फिरतेय. मथितार्थ असा: एका जागेला शेकडो अर्ज येतात, त्यात कामाचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, हल्लीच्या मुलांना नोकरी नको, फक्त ‘अप्लाय’ दाबायला हवं. खाली ‘अगदी खरं’ची रांग.

अहो बाई, जाहिरात तुमची काय म्हणते? ‘अनुभव 2 ते 10 वर्षे, ठिकाण पुणे/मुंबई/रिमोट, पगार: इंडस्ट्री स्टँडर्ड.’ दोन वर्षंवाला आणि दहावाला दोघंही अर्ज करणार नाहीत तर काय करतील? आकडा छापला असता तर निम्मे आपणहून गळले असते. तो तुम्ही लपवता आणि अर्जात मात्र सध्याचा सीटीसी (कंपनीला तुमच्यावर वर्षाला पडणारा एकूण खर्च), अपेक्षित सीटीसी, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा मागता. म्हणजे पत्ते आमचे उघडे, तुमचे झाकलेले.

शिवाय बऱ्याच जाहिरातींना जागाच नसते. एकच रिक्वायरमेंट कंपनी पाच व्हेंडरना, म्हणजे माणसं शोधून देणाऱ्या एजन्सींना देते, पाचही जण आपापल्या नावाने ती लावतात, कंपनीचं नाव ‘आघाडीची एमएनसी’. बघणाऱ्याला वाटतं पाच जागा आहेत. उमेदवार दोन व्हेंडरकडून गेला की ‘डुप्लिकेट प्रोफाइल’ म्हणून बाद.

भरतीवाली
आली का पुन्हा एचआरला झोडपायची लाट. पगार छापला की काय होतं ते सांगते. ‘8 ते 12 लाख’ लिहिलं की येणारा प्रत्येक जण 12 पासूनच बोलतो. त्याहून वाईट म्हणजे टीममध्ये आधीपासून 9 वर बसलेला माणूस ती जाहिरात वाचतो आणि सोमवारी मॅनेजरच्या दारात उभा असतो. हा निर्णय एचआरचा नसतो, फायनान्सचा असतो.

आणि अर्जांना फिल्टर का लावतो? जुनी नोकरी सोडतानाची नोटीस 90 दिवसांची. ऑफर स्वीकारायची, त्या 90 दिवसांत ती दाखवून आणखी दोन ऑफर काढायच्या, जॉइनिंगच्या सकाळी फोन बंद. मग ‘15 दिवसांत रुजू होणारे’ हाच गाळणा लागतो.

मुद्देसूद
9 वर बसलेला माणूस चिडतो कारण तो 9 वर बसलाय. त्यात जाहिरातीचा काय दोष? आणि 90 दिवसांची नोटीस उमेदवारांनी मागितली होती का?

खडूस आबा
सरकारी जाहिरातीत वेतनश्रेणी छापतात हो. तलाठी, एस-8, 25500 ते 81100. पण तिथे दुसरी गंमत. 2023 ची तलाठी भरती: 4644 जागा, शुल्क खुल्या गटाला 1000, मागासवर्गीयांना 900, अर्ज दहा लाखांवर. गुणाकार ज्याचा त्याने करावा. खासगीवाले निदान अर्जाचे पैसे घेत नाहीत, म्हणून जास्त रडू नका.

भरतीवाली
आबा, विषय काय, चाललात कुठे!

लेखाजोखा
पगार छापा म्हणता, पण कोणता? सीटीसी छापून कोणाचं भलं होणार? 6 लाखांचं गणित मांडतो. बेसिक निम्मं, म्हणजे 3 लाख. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, 36,000. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के, 14,430. कायम नोकरीत ही पाच वर्षं झाल्याशिवाय हातात येत नाही. व्हेरिएबल 10 टक्के, 60,000, आणि तो ‘कामगिरीनुसार’. उरले 4,89,570. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ 36,000 आणि व्यवसाय कर 2,500. महिन्याला हातात साधारण 37,600. उमेदवार मात्र 6 ला 12 ने भागून 50,000 च्या हिशेबाने फ्लॅट भाड्याने घेतो.

भरतीवाली
अर्धवट गणित आहे. अनेक कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर नाही, महिना 15,000 च्या मर्यादेवर कापतात, म्हणजे महिना 1,800. मग दोन्ही बाजूंचे वर्षाला प्रत्येकी 21,600 धरा, हातात जवळपास 40,000 येतात.

लेखाजोखा
बरं, 40,000. पन्नास तर नाहीत ना?

बेंचवरचा
पगाराचं सोडा, रेझ्युमे अपलोड केल्यावर जे फोन सुरू होतात त्यावर कोणीच बोलत नाही. पोर्टलवर प्रोफाइल ताजं केलं की दुपारी पर्सनल लोन, संध्याकाळी डेटा सायन्सचा ‘जॉब गॅरंटी’ कोर्स. आणि सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार: ‘सर, तुमचं प्रोफाइल बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजरसाठी शॉर्टलिस्ट झालंय.’ जाऊन पाहावं तर विमा एजंट. ही नोकरीची जाहिरातच नव्हे, ही एजंट गोळा करायची जाहिरात.

पिंपरीची जाई
+१. ओळखायची खूण सांगते. पहिल्याच भेटीत ‘ओळखीतल्या शंभर जणांची यादी करा’ म्हणाले किंवा आयसी-38 या विमा एजंटांच्या परीक्षेची फी भरायला सांगितली, की समजा कमिशनवरचं काम आहे. पगारी नोकरीवाला तुमच्या मावशीचा नंबर मागत नाही.

कोणत्या पोर्टलवरून नंबर फुटला हे शोधायचं असेल तर प्रत्येक ठिकाणी वेगळा ईमेल द्या. जीमेलमध्ये नावानंतर अधिकचं चिन्ह आणि पुढे पोर्टलचं नाव टाका, मेल त्याच डब्यात येतो. काही फॉर्म ते चिन्ह घेत नाहीत, तिथे सरळ दुसरा आयडी.

खडूस आबा
डीएनडी (नको असलेले जाहिरातीचे फोन बंद करायची नोंदणी) करा की. सरकारने सोय दिलीय.

बेंचवरचा
डीएनडीने काय होतं आबा? करून बघा एकदा.

पिंपरीची जाई
दोघंही अर्धं बरोबर. 1909 ला इंग्रजीत ‘स्टार्ट 0’ पाठवलं की प्रमोशनल सगळं बंद होतं, पण फक्त नोंदणीकृत टेलिमार्केटरचं, म्हणजे 140 ने सुरू होणारे फोन आणि नावाच्या शेवटी ‘-पी’ असलेले एसएमएस. तुम्हाला येतात ते साध्या दहा आकडी मोबाइलवरून. त्यांना डीएनडी अडवत नाही, तिथे तक्रारच करावी लागते. सात दिवसांच्या आत, दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर किंवा 1909 वर: नंबर, तारीख, काय विकत होता ते एका ओळीत. 2025 च्या बदलानंतर तक्रारीसाठी आधी डीएनडी असण्याची अटही राहिली नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या की त्या नंबरवर कारवाई सुरू होते. लोक ब्लॉक करून मोकळे होतात, तक्रार कोणी करत नाही, म्हणून पाचाचा आकडा गाठलाच जात नाही.

बेंचवरचा
आणि तो दुसऱ्या दिवशी नवं सिम घेतो. छान.

पिंपरीची जाई
मग बसा फोन घेत.

मुद्देसूद
धागा पगारावर होता, राव.

भरतीवाली
तुमचाच धागा, तुम्हीच सांभाळा. आता रेझ्युमेबद्दल एकदाच लिहिते, कारण ‘एटीएसने रिजेक्ट केलं’ हे रडगाणं ऐकून कान किटलेत. एटीएस, म्हणजे अर्ज साठवून चाळणारं सॉफ्टवेअर, स्वतःहून सहसा कोणाला कचऱ्यात टाकत नाही. बाद करतात ते अर्जातले नॉकआउट प्रश्न: नोटीस किती, शहर बदलणार का, अमुक वर्षांचा अनुभव आहे का. तिथे ‘90’ भरलं की पुढचं कोणी उघडतही नाही. बायआउट (पैसे भरून नोटीस कमी करून घेणं) शक्य असेल तर तसं त्याच रकान्यात किंवा रेझ्युमेच्या पहिल्या ओळीत लिहा.

दुसरं, कॅनव्हातले दोन रकान्यांचे सुंदर रेझ्युमे. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे कंपनीचं नाव एका ओळीत, तारीख दहा ओळी खाली आणि फोन नंबर गायब दिसला, तर आम्हालाही साधारण तेच दिसतं. फोन आणि ईमेल पानाच्या हेडरमध्ये ठेवू नका, रेझ्युमे वाचणारे बरेच पार्सर (सॉफ्टवेअर) हेडर वाचतच नाहीत.

मुद्देसूद
हे मात्र उपयोगाचं लिहिलंत, मान्य. पण बघा, उमेदवाराने नोटपॅड तपासायचं, नोटीस विकत घ्यायची, ईमेल बदलायचे, 1909 ला तक्रारी करायच्या. कंपनीने काय करायचं? एक आकडा लिहायचा, तोही जड. अमेरिकेत कोलोरॅडोने 2021 पासून, न्यूयॉर्क शहराने नोव्हेंबर 2022 पासून जाहिरातीत पगाराची रेंज सक्तीची केली. तिथल्या कंपन्या बुडाल्या का?

भरतीवाली
बुडाल्या नाहीत, पळवाटा शोधल्या. सुरुवातीला काही कंपन्यांनी रिमोट जागांच्या जाहिरातीत सरळ लिहिलं की कोलोरॅडोतल्यांनी अर्ज करू नये. इथे सक्ती केलीत तर ‘3 ते 30 लाख’ असं छापतील. कायद्याने रेंज लिहिता येते, प्रामाणिक रेंज लिहून घेता येत नाही.

लेखाजोखा
म्हणून रेंज नको. फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, पीएफ पूर्ण बेसिकवर की 1,800, एवढे तीन आकडे लिहा. ऑफर लेटरच्या परिशिष्टात हे असतंच, टाइप केलेलं तयार असतं.

भरतीवाली
फिक्स्ड आणि व्हेरिएबल वेगळे लिहायला माझी हरकत नाही. फायनान्सकडून सही तुम्ही आणा.