मदत हवी आहे: क्लोव्हरवर ईडीयूचा परिणाम, बचाव की खत?

कुरणातल्या रानटी पांढऱ्या क्लोव्हरच्या (तीन पानी शेंगवर्गीय रोप) जुन्या पानांवर, वरच्या बाजूला, शिरांच्या मधे बारीक फिकट-तपकिरी ठिपके येताहेत. शिरा मात्र हिरव्याच. खालची बाजू भिंगातून पाहिली. लाल कोळी नाही, बुरशीही नाही. सलग कडक उन्हाचे दिवस गेले की ठिपके वाढतात, म्हणून जमिनीलगतच्या ओझोनचा संशय आहे.

खात्रीसाठी तीच रोपं २० कुंड्यांत लावून तिथेच ठेवली. १० कुंड्यांना दर १४ दिवसांनी मुळाशी एथिलीनडाययुरिया (ईडीयू, झाडांना ओझोनच्या इजेपासून वाचवणारं रसायन), ३०० पीपीएम. उरलेल्यांना तेवढंच साधं पाणी. दोन महिन्यांत ईडीयूच्या रोपांवर ठिपके बरेच कमी झाले, पण ती जास्त हिरवीगारही दिसतात, आणि इथेच अडलोय. ईडीयूमध्ये वजनाने साधारण २२ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे हा फरक ओझोनपासूनच्या बचावाचा की नुसत्या खताचा, हे कळत नाही. त्यात क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी स्वतःच नायट्रोजन बांधतात, म्हणजे गुंता आणखी वाढला.

गाळलेल्या हवेचे कक्ष किंवा ओझोनमापक माझ्याकडे नाहीत. फवारणी टाळतोय, कारण शेजारच्या रानफुलांवर ती उडेल.

रानटी वनस्पतींवर ईडीयू वापरलेल्यांना विचारतो: तिसऱ्या गटाला तेवढाच नायट्रोजन युरियातून दिला तर तुलना ग्राह्य धरता येईल का, की १५०, ३००, ४५० पीपीएम अशा मात्रा लावूनच पाहावं?