‘दबणे’, ‘चेपणे’, ‘निथळणे’: हायड्रोजेलच्या मण्याला कोणतं क्रियापद?

विचारणा, नाशिकहून
मुलीच्या विज्ञान प्रकल्पासाठी मजकूर मराठीत लिहून देते आहे. विषय: हायड्रोजेलचे मऊ कण दाबल्यावर कसे वागतात. कोशात ‘संपीडन’ सापडला. तोच सगळीकडे चालेल का? आणि कणांना ‘मऊ’ म्हणू, ‘लवचीक’ की ‘लिबलिबीत’?

उत्तर
ताई, ‘संपीडन’ चुकीचा नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी तो एकाच पोत्यात कोंबतो. हायड्रोजेलचा फुगलेला कण म्हणजे बहुतेक पाणीच, पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, जाळीत धरलेलं. पाण्याचं घनफळ दाबून फारसं कमी होत नाही. म्हणून कण झटकन दाबला की तो लहान होत नाही, आडवा पसरतो. हे ‘चेपणं’. दाब तसाच धरून ठेवला, तर जाळीतून पाणी हळूहळू बाहेर येतं आणि कण खरोखर आटतो. फडक्यात बांधलेल्या दह्याचा चक्का होतो, तसंच. त्यासाठी ‘निथळणे’ इतका नेमका शब्द घरात असताना कोश कशाला? कण दुप्पट मोठा असेल तर निथळायला साधारण चौपट वेळ लागतो, हेही प्रकल्पात घ्या.

‘कण’ऐवजी ‘मणी’ लिहा. निफाड-दिंडोरीकडे घडातल्या एकेका द्राक्षाला मणीच म्हणतात, मुलीच्या वर्गाला ते लगेच कळेल. फरक मात्र सांगा: द्राक्षाला साल असते, ती फाटली की रस सुटतो. हायड्रोजेलच्या मण्याला साल नसते, जाळी आरपार असते.

‘लिबलिबीत’ नको. त्यात नासल्याची छटा आहे, आणि लिबलिबीत झालेली वस्तू मूळ आकाराला येत नाही. ‘लवचीक’ वेलीला, छडीला शोभतो, वाकण्यासाठी. ‘मऊ’ ठेवा, दाब काढल्यावर पूर्ववत होण्याला ‘स्थितिस्थापक’.

आणखी एक
वरच्या उत्तरात ‘ठासणे’ राहिला. सारख्या आकाराचे कडक गोळे कसेही ओतून हलवले तर साधारण ६४ टक्के जागा व्यापतात. मऊ मणी त्याहून दाट ठासता येतात, कारण एकमेकांना टेकतात तिथे ते चपटे होतात. टेकणारा भाग रुंदावतो तसा विरोधही वाढतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झने १८८२ साली मांडलेल्या नियमानुसार, थोड्या दाबात, बल हे मणी जेवढा चेपला त्याच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढतं. ‘कडक होतो’ असं मात्र लिहू नका, पदार्थ तोच राहतो. ‘अधिक अडतो’ म्हणा.

विचारणाऱ्या
मुलीला ‘निथळणे’ फार आवडला. ‘संपीडन’ फक्त शीर्षकात ठेवते.