जर्मन राष्ट्राध्यक्षांपैकी कोणावर बोलू? सल्ला हवाय

केतकी_पुणे:
जर्मनच्या वर्गात पंधरा मिनिटं बोलायचंय, विषय 'एक जर्मन राष्ट्राध्यक्ष'. चान्सलर चालणार नाहीत, म्हणजे मर्केलबाई बाद. हॉइसपासून श्टाइनमायरपर्यंत सगळी यादी चाळली. पण या पदाला अधिकारच बेताचे, तर सांगायचं काय? कोणाला घेऊ?

ऱ्हाइनकाठचा:
रिशार्ट फॉन वाइत्सेकर (१९८४-९४). डोळे झाकून घे.
अधिकार बेताचेच, म्हणून तर या पदावरच्या माणसाचं सगळं बळ भाषणात. ८ मे १९८५, दुसरं महायुद्ध संपून ४० वर्षं, बॉनची संसद. तीनच दिवस आधी चान्सलर कोल अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांना घेऊन बिटबुर्गच्या लष्करी दफनभूमीत गेले होते. तिथे वाफेन-एसएस या नाझींच्या सशस्त्र दलातल्यांच्याही कबरी, त्यावरून जगभर गदारोळ. आणि आता कोल यांच्याच पक्षातून आलेला हा माणूस म्हणतो, ८ मे हा नाझी राजवटीतून मुक्तीचा दिवस होता! ज्यू, पोलिश, सोव्हिएत, सिंटी-रोमा (युरोपातले 'जिप्सी'), समलिंगी, मनोरुग्ण, सगळ्या बळींची नावं घेऊन. पक्षातल्या उजव्यांना चांगलंच झोंबलं.
जन्म १९२०, स्टुटगार्ट वगैरे एका वाक्यात उरक.

विदुला:
+१, पण वडिलांना वगळू नकोस. अर्न्स्ट फॉन वाइत्सेकर नाझी काळात परराष्ट्र खात्याचे सचिव. फ्रान्समधल्या ज्यूंच्या हद्दपारीतल्या सहभागाबद्दल न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात १९४९ मध्ये ७ वर्षांची शिक्षा झाली (पुढच्याच वर्षी सुटले, ते वेगळं). त्यांच्या बचावाच्या वकिलांना मदत करत होता कायदा शिकणारा रिशार्ट. तो निकाल अन्यायाचा होता, हे मत त्याने पुढेही सोडलं नाही. देशाला भूतकाळाकडे डोळे उघडून बघा म्हणणारा माणूस घरच्या माणसाबद्दल असा! मला तर भाषणापेक्षा यातच जास्त रस.
शिवाय सप्टेंबर १९३९ मध्ये तो स्वतः पोलंडवर चालून गेलेल्या फौजेत होता. थोरला भाऊ हाइनरिश त्याच रेजिमेंटमध्ये, युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी मारला गेला.

मुंबईकर_मंदार:
वाइत्सेकर सगळेच घेतात हो. गाउक घ्या (२०१२-१७). पूर्व जर्मनीतले, रोस्टोकचे पाद्री, एकीकरणानंतर स्टासीच्या (तिथल्या गुप्त पोलिसांच्या) फायली सांभाळणाऱ्या कार्यालयाचे प्रमुख.

ऱ्हाइनकाठचा:
गाउक भारीच, पण स्टासी म्हणजे काय हे समजावण्यातच दहा मिनिटं जातील.

केतकी_पुणे:
वाइत्सेकर पक्के. आधी ८ मे, मग मागे वडिलांकडे जाते. भाषण मूळ जर्मनमध्ये कुठे मिळेल?

ऱ्हाइनकाठचा:
राष्ट्राध्यक्ष कार्यालयाच्या संकेतस्थळावर, इंग्रजीही आहे. आधी जर्मनच वाच. आणि १९८१-८४ मध्ये ते पश्चिम बर्लिनचे महापौर होते, एकीकरण झालं तेव्हा राष्ट्राध्यक्ष तेच, एवढं तयार ठेव. बर्लिनवर कोणी ना कोणी प्रश्न विचारणारच.