"देव तुला पूर्ण करणार" असं मला म्हणू नका. ख्रिस्तात आपण आधीच पूर्ण आहोत की नाही?

वडगावशेरीची
सलाम सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको चाललं होतं. मला दहावीपासून कोड आहे, आधी डाव्या हाताच्या बोटांवर आलं मग ओठाच्या कडेला, आता वय 34. गोळ्या, मलमं, उन्हात बसणं सगळं करून झालंय. परवा आमच्याकडे प्रार्थना सभेला एक पाहुणे ब्रदर आले होते, त्यांनी मला पुढे बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले आज देव तुला पूर्ण करणार. मी म्हटलं ब्रदर प्रार्थना जरूर करा पण असं म्हणू नका, बायबलमधल्या कलस्सैकरांच्या पत्रात 2:10 ला लिहिलंय की त्याच्या ठायी तुम्ही पूर्ण झाला आहात. झाला आहात, पुढे कधीतरी होणार असं नाही. सगळे गप्प. नंतर आई म्हणाली एवढं तोंडावर बोलायची काय गरज होती.

गरज होती. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकरी वाटतात तेव्हा, भाकरीचा ट्रे बाकावरून पुढे सरकतो ना, माझ्या शेजारच्या काकू तो घेताना माझी बोटं जिथे लागलीत ती कड सोडून दुसरीकडून धरतात. कोड शिवल्याने होत नाही, शरीर आपल्याच रंगपेशींवर उलटतं म्हणून होतं, हे त्यांनाही माहितीये. तरी हात आपोआप बाजूला जातो. मग मीच डावा हात ओढणीखाली ठेवायला लागले. तुम्हीच सांगा, अपुरं नक्की कोण होतं तिथे?

जुना मेंबर
बाळा, काकूंचं वागणं चूकच आहे, त्यावर दुमत नाही. पण एका वचनावर एवढी मोठी इमारत बांधू नकोस. त्याच पत्रात 1:28 ला ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की प्रत्येक माणसाला ख्रिस्तात पूर्ण वाढलेला असा उभा करायचाय आणि त्यासाठी मी कष्ट करतोय. फिलिप्पैकरांस 3:12 ला स्वतःबद्दल म्हणतो, मी अजून पूर्ण झालो नाही, मागे लागलोय. डोंगरावरच्या प्रवचनात तर प्रभू येशूची आज्ञाच आहे, पूर्ण व्हा. हल्ली तरुण मुलं हेच 2:10 घेऊन येतात, मी जसा आहे तसा देवाला चालतो, मला बदलायला सांगू नका. दारू सुटत नाही, घरी बायकोशी नीट बोलत नाही, आणि म्हणे मी ख्रिस्तात पूर्ण. मग पश्चात्ताप कुठे गेला? आणि येशूने रोगी बरे केले, त्यांना तुम्ही असेच छान आहात म्हणून पाठवून नाही दिलं.

बिबवेवाडी
सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक शिकतोय म्हणून मध्ये बोलतो. मराठीत दोन्हीकडे 'पूर्ण' वाचतो तिथेच घोळ होतोय. काकांनी सांगितलेलं 'पूर्ण व्हा' आहे त्या मत्तय 5:48 मधला शब्द आहे 'तेलेइओस', म्हणजे पक्व, शेवटाला पोचलेला, आणि काकांनी दिलेल्या 1:28 मध्येही तोच. पण 2:10 मध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ भरलेले. पुरणपोळीतलं पुरण म्हणजे भरणच ना, तसं. पोळी स्वतः गोड नसते, आत भरलंय म्हणून ती पुरणपोळी. त्याच्या आधीच्याच ओळीत आहे की ख्रिस्तात देवपणाची सगळी पूर्णता वसते, आणि लगेच, त्याच्यात तुम्ही भरलेले आहात. कलस्सैमधल्या लोकांना कोणीतरी सांगत होतं की ख्रिस्त ठीक आहे पण वर सुंता पण पाहिजे, सण, शब्बाथ म्हणजे विश्रांतीचा दिवस पाळा, देवदूतांची उपासना करा. पौल म्हणतो वर काही लागत नाही. आज आपल्याकडे त्या यादीत गोरा रंग, लग्न, पॅकेज आलंय एवढंच.

कोथरूडकर
मी ख्रिश्चन नाही, पण वाचून 'पूर्णमदः पूर्णमिदम्' आठवलं, आमच्या आजी रोज म्हणायच्या. म्हणजे हे सगळीकडे आहेच. माझा खरा प्रश्न वेगळा आहे ताई. कोड म्हणजे त्वचेची एक अवस्था, त्यात कमीपणा काही नाही, एवढं समजलं की झालं, स्वतःला स्वीकारायला देव मध्ये कशाला लागतो?

वडगावशेरीची
@कोथरूडकर दादा, मनापासून विचारलंत म्हणून सांगते. स्वतःला स्वीकार म्हणणारे मला खूप भेटले, एका काउन्सेलर मॅडमनी आरशासमोर उभं राहून रोज मी छान आहे म्हणायला सांगितलं होतं, केलं दोन महिने. पण म्हणणारी मीच आणि ऐकणारी पण मीच, एखादं स्थळ फोटो बघून नाही म्हणालं की दोघी एकदमच कोसळायच्या. आजींच्या मंत्राचा अर्थ मला नीट माहीत नाही म्हणून त्यावर बोलत नाही, पण मी जे म्हणतेय त्यात मी माझ्या जोरावर पूर्ण नाहीच्चे. दुसऱ्याने भरलंय. माझा मूड गेला म्हणून त्याचं म्हणणं बदलत नाही.

@जुना मेंबर काका, पश्चात्तापाचं तुम्ही म्हणता ते मला उलटं अनुभवाला आलंय. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही, सरळ मत्सर. मी कमी आहे असं वाटायचं तोवर ते कबूलच करवत नव्हतं, आधीच कमी आणि त्यात हे पण मान्य करायचं? जेव्हा आत पटलं की देवाने मला टाकलेलं नाही तेव्हा तिच्या खोलीत जाऊन माफी मागता आली. आणि येशूने बरं केलं म्हणता ना, मार्क 1:41 बघा. कुष्ठरोग्याला त्याने आधी हात लावला, रोग नंतर गेला. कोड म्हणजे कुष्ठरोग नव्हे, पण तो हात मला रोज आठवतो.

केडगाव लाइन
पंडिता रमाबाईंचं कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त काही वर्षांनी मिळाला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी ज्यांना घेतलं त्या विधवा, दुष्काळातल्या पोरी, सगळ्या लोकांच्या लेखी अर्धवट. आंधळ्या मुलींना दृष्टी येईपर्यंत कोपऱ्यात बसवून नाही ठेवलं, ब्रेल शिकवली. बाकीच्यांना छापखान्यात उभं केलं आणि रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल तिथेच बायकांच्या हातून छापलं गेलं. काकांना हवी ती वाढही तिथे झालीच की, पण आधी पदरात घेतल्यावर.

जुना मेंबर
मार्क परत काढून वाचलं. हात आधी लावलाय, खरं आहे, इतकी वर्षं वाचतोय पण तिथे थांबलो नव्हतो. तरी बरं होण्यासाठी मागणं सोडू नये यावर मी ठाम आहे. आणि 1:28 चं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, वाढायचं कधी आणि कसं हे त्या 'भरलेले' मध्ये येत नाही.

वडगावशेरीची
मागणं सोडलं नाहीच काका. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याचा सततचा त्रास, जावा म्हणून देवाकडे तीनदा मागितलं, उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे. मी तर तीनशे वेळा मागितलं असेल, उद्याही मागेन. वाढण्याबद्दल तुमच्याशी समोरासमोर बोलायला आवडेल, हे इथे टाईप करून होणार नाही. या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन आहे. काकूंच्याच शेजारी बसणार आहे, डावा हात ओढणीबाहेर ठेवून.